बावीस मीटरचा काठ आणि हरवलेली त्रिज्या

डिचोलीहून एका वडिलांनी विचारलं आहे: "मुलगी दहावीला आहे. चौथीपर्यंत मराठी शाळेत होती, पाचवीपासून सगळं इंग्रजीतून. वर्तुळाची दोन्ही सूत्रं झोपेतून उठवून विचारली तरी सांगते, पण गणित समोर आलं की घोळ घालते. परवा 'गोल विहिरीच्या काठाची लांबी २२ मीटर आहे, तर तोंडाचं क्षेत्रफळ काढा' या गणिताचं उत्तर तिने ३८० चौरस मीटर आणलं. पायची किंमत कधी बावीस सप्तमांश घेते, कधी ३.१४. रंगवलेल्या भागाचं गणित असलं तर सोडूनच देते. सूत्रं पुन्हा घोकून घ्यायची का?"

नको. सूत्रं तिला येतात हे तुम्हीच सांगितलंत. आधी त्या ३८० कडे नीट बघू. तिने २२ हा व्यास धरला, निम्मे करून त्रिज्या ११ घेतली, अकराचा वर्ग १२१, त्याला २२/७ ने गुणलं आणि ३८० च्या आसपास उत्तर आलं. गुणाकार, भागाकार, वर्ग, सगळं बरोबर. 'काठाची लांबी' म्हणजे परीघ हे तेवढं हुकलं. प्रत्यक्षात त्रिज्या अशी निघते: २२ भागिले (२ × २२/७), म्हणजे ३.५ मीटर. क्षेत्रफळ २२/७ × १२.२५, म्हणजे ३८.५ चौ.मी. तिचं उत्तर जवळजवळ दहापट झालं. बावीस मीटर रुंदीची विहीर म्हणजे छोटं तळंच, पण कागदावर आकडे मांडताना मुलांच्या डोळ्यांसमोर विहीर नसते, फक्त २२ असतात.

तेव्हा खरा प्रश्न असा आहे: दिलेला आकडा वर्तुळाच्या कोणत्या भागाचा, आणि मागितलंय ते काय, हे सूत्राला हात लावण्याआधी कसं ठरवायचं?

हे तिच्या बाबतीत कशामुळे हुकतं ते मला इथून सांगता येणार नाही. तीन शक्यता आहेत आणि तिन्हींवर उपाय वेगळा. ते तपासायला तिला एकच गणित तीन रूपांत द्या. पहिल्यात त्रिज्या सरळ देऊन क्षेत्रफळ विचारा. दुसऱ्यात आकृती काढून काठावर २२ लिहून द्या. तिसऱ्यात तेच इंग्रजी वाक्यात, आकृतीशिवाय. पहिल्यातच अडली तर वर्ग आणि अपूर्णांक कच्चे आहेत. दुसऱ्यात अडली तर परिघावरून मागे त्रिज्येकडे येता येत नाही. फक्त तिसऱ्यात अडली तर भूमिती ठीक आहे, शब्द आड येताहेत. आपल्याकडे प्राथमिक मराठीतून आणि पुढचं इंग्रजीतून शिकलेल्या मुलांत ही तिसरी शक्यता मी कधी हलकी धरत नाही.

शब्दांचंच आधी घेतो, कारण ते लवकर सुटतं. त्रिज्या म्हणजे रेडियस, व्यास म्हणजे डायमीटर, परीघ म्हणजे सरकमफरन्स, एवढं मुलं लावून घेतात. गोंधळ होतो तो सेक्टर आणि सेगमेंट यांत. दोन्ही 'स'चे, दोन्ही वर्तुळाचे तुकडे. इथे मराठी नावं फार उपयोगी पडतात. सेक्टर म्हणजे वर्तुळपाकळी, आणि पाकळी देठापर्यंत जाते, म्हणजे केंद्राला पोचते. सेगमेंट म्हणजे वर्तुळखंड, जीवेने (काठावरचे दोन बिंदू जोडणाऱ्या सरळ रेघेने) कापलेला तुकडा. पाव कापताना कडेचा काप निघतो तसा. एवढं एकदा चित्रात दाखवलं की इंग्रजी पेपरातही ती मनात 'पाकळी' म्हणेल आणि चुकणार नाही. दुसरा शब्द पेरिमीटर. वर्तुळाचा परीघ म्हणजे त्याची परिमितीच, पण अर्धवर्तुळाची परिमिती विचारली तर तो नुसता अर्धा परीघ नसतो. त्यावर खाली येतो.

आता वाचायची पद्धत. प्रत्येक गणितापाशी एकच विचारायचं: इथे दोरी लागेल की रंग? कुंपण, तार, झालर, काठ, चाकाचा एक फेरा, मुंगी कडेने चालली, या सगळ्याला दोरी लागते. ती लांबी. सारवणं, फरशी बसवणं, गवत लावणं, गुरं चरणं, झाकण कापणं, याला रंग. ते क्षेत्रफळ. लांबीच्या सूत्रात त्रिज्या एकदाच येते (२ × पाय × त्रिज्या) आणि उत्तर मीटरमध्ये निघतं. क्षेत्रफळाच्या सूत्रात ती दोनदा येते (पाय × त्रिज्या × त्रिज्या) आणि उत्तर चौरस मीटरमध्ये. मीटर गुणिले मीटर झाल्याशिवाय चौरस मीटर येऊच शकत नाही. सूत्रांची अदलाबदल झाली तर ती इथेच पकडता येते.

एक फसवी जागा मात्र आहे. 'विहिरीच्या एक मीटर उंच कठड्याला बाहेरून गिलावा करायचा' असं आलं तर गिलावा म्हणजे रंगाचं काम, उत्तर चौ.मी.मध्येच, पण हिशेब परिघाचा. ती गोल भिंत उलगडून सरळ केली की आयत होतो, लांबी परिघाएवढी आणि उंची एक मीटर. पाय × त्रिज्येचा वर्ग इथे लावला तर कठड्याऐवजी विहिरीच्या तोंडाला गिलावा होईल.

मग त्रिज्या. या धड्यातल्या बहुतेक गणितांचा रस्ता त्रिज्येतूनच जातो. व्यास दिला, निम्मा करा. परीघ दिला, त्याला ७/४४ ने गुणा. क्षेत्रफळ दिलं, त्याला ७/२२ ने गुणा आणि वर्गमूळ काढा. वहीत 'दिलेले' आणि 'काढायचे' यांच्या मध्ये 'त्रिज्या =' अशी एक वेगळी ओळ सक्तीने लिहायला लावा. ती ओळ भरल्याशिवाय सूत्र लिहायचं नाही. तिची विहिरीची चूक याच ओळीवर अडकली असती, कारण 'त्रिज्या = ११' लिहिताना ११ कुठून आले हे लिहावं लागलं असतं.

क्षेत्रफळावरून मागे येताना दोन चुका ठरलेल्या. एक म्हणजे २२/७ ने भागायच्या ऐवजी गुणणं. ६१६ चौ.सेंमी. दिलं तर ६१६ × ७/२२ = १९६, त्याचं वर्गमूळ १४. दुसरी म्हणजे १९६ वर थांबून तीच त्रिज्या समजणं, किंवा वर्गमूळाऐवजी निम्मे करून ९८ लिहिणं. ३.५ चा वर्ग १२.२५, १०.५ चा वर्ग ११०.२५, २१ चा वर्ग ४४१ हे तोंडात असू द्या. पेपर काढणाऱ्यांना सातच्या पटीतले आकडे आवडतात, त्यामुळे हे वर्ग वारंवार भेटतात.

व्यासाचा सरळ वर्ग करणं ही त्याहून जुनी चूक. व्यास १४ दिलाय, तिथे १४ चा वर्ग केला की १५४ ऐवजी ६१६ येतं, बरोबर चौपट. उत्तर चौपट चुकलं तर व्यासावर संशय घ्या. निमपट किंवा दुप्पट चुकलं तर परिघाच्या सूत्रातला २ सुटलाय किंवा जास्तीचा लागलाय. आणि 'त्रिज्येचा वर्ग' याचा अर्थ 'त्रिज्येची दुप्पट' असा घेण्याची खोड असेल तर ती त्रिज्या २ घेऊन कधीच उघडी पडत नाही, कारण दोनाचा वर्गही चार आणि दुप्पटही चारच. समजावताना उदाहरणाला २ घेऊ नका, ३ किंवा ५ घ्या.

सूत्र कुठून येतं हे एकदा हाताने बघितलं की ते विसरलं तरी परत उभं करता येतं. स्टीलच्या डब्याला दोरा गुंडाळून परीघ भागिले व्यास काढायचा प्रयोग घराघरांत होतो आणि उत्तर ३.२ च्या वर येतं. मग मुलांना वाटतं आपलं काहीतरी चुकलं. चुकतं ते दोऱ्याच्या जाडीमुळे. सहा सेंमी व्यासाच्या डब्याला दोन मिमी जाडीची सुतळी गुंडाळली तर तुम्ही डब्याचा परीघ मोजतच नाही, सुतळीच्या मध्यातून जाणाऱ्या ६.२ सेंमी व्यासाच्या वर्तुळाचा मोजता. त्याला ६ ने भागलं की ३.२५ येणारच. सुतळी सोडा, कागदाची पातळ पट्टी घ्या, जिथे टोक परत येतं तिथे टाचणीने भोक पाडा, पट्टी उलगडून मोजा. मोठं ताट घ्याल तितकं उत्तर नेटकं येईल.

क्षेत्रफळासाठी कागदी वर्तुळ पोळीसारखं दुमडून सोळा पाकळ्या कापा आणि एक टोक वर, एक खाली अशा शेजारी शेजारी लावा. जवळजवळ आयत तयार होतो. उंची त्रिज्येएवढी, लांबी अर्ध्या परिघाएवढी, कारण निम्म्या पाकळ्यांचा काठ वर गेला आणि निम्म्यांचा खाली. अर्धा परीघ गुणिले त्रिज्या, झालं क्षेत्रफळ. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं: परिघाला व्यासाच्या चौथ्या हिश्शाने गुणा. तुमच्या विहिरीला लावून बघा. परीघ २२, व्यास ७, गुणाकार १५४, भागिले चार, ३८.५. दोन्ही ठाऊक असतील तेव्हा पाय मध्ये आणायची गरजच नाही. शाळेतल्या वर्गांत हा नियम कमी वापरला जातो, पण पडताळ्यासाठी मला तो सगळ्यात हाताशी वाटतो.

आता पाय. (ग्रीक अक्षर बरं का, चालायचा नव्हे.) २२/७ म्हणजे ३.१४२८..., खरी किंमत ३.१४१५९... म्हणजे २२/७ किंचित जास्त आणि ३.१४ किंचित कमी. पहिल्याची चूक शंभर मीटरला चार सेंमीच्या आसपास, दुसऱ्याची पाच. व्यवहारात दोन्ही चालतात. आर्यभटाने ४९९ साली २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ दिला, म्हणजे ३.१४१६, आणि त्यालाही 'आसन्न' म्हटलं, जवळचं. भास्कराचार्यांनी ३९२७/१२५० ला सूक्ष्म म्हटलं आणि २२/७ ला स्थूल पण व्यवहाराला योग्य. तेव्हा मुलीला 'खरी किंमत २२/७' असं सांगू नका. पुढे अकरावीत ते विसरायला जड जातं.

परीक्षेत नियम सोपा. प्रश्नात किंमत दिली असेल तर तीच, वाद नाही. दिली नसेल तर आकडे बघा. त्रिज्या किंवा व्यास सातच्या पटीत असेल, किंवा परीघ २२, ४४, ८८ असा असेल तर २२/७, कारण सगळं कटतं. त्रिज्या १०, २० अशी असेल तर ३.१४. दोन्ही नसेल तर शेवटच्या ओळीपर्यंत पाय तसाच ठेवा. दोन वर्तुळांचं गुणोत्तर विचारलं असेल तर तो दोन्हीकडून उडून जातो आणि आधीच किंमत घातलेल्या मुलाचे पाच मिनिटं फुकट जातात. एका गणितात दोन किमती मात्र कधीच नको. परीघ ४४ वरून २२/७ ने त्रिज्या ७ काढली आणि मग क्षेत्रफळाला ३.१४ घेतलं तर १५३.८६ येतं, अपेक्षित १५४. चूक लहान, पण तपासणाऱ्याला ती धरसोड दिसते.

अर्धवर्तुळाचं वचन दिलं होतं. त्रिज्या ७ मीटरच्या अर्धगोल बागेला कुंपण घालायचं. मुलं अर्धा परीघ २२ मीटर लिहून मोकळी होतात. तेवढंच कुंपण घातलं तर सरळ बाजू उघडी राहील आणि गुरं आत येतील. तिथे व्यासाचे १४ मीटर मिळवायचे, एकूण ३६. चतकोर वर्तुळाला ११ अधिक दोन त्रिज्या, म्हणजे २५. आकृतीच्या कडेने पेन्सिल फिरवत, टोक न उचलता, जिथून निघालो तिथे परत यायचं आणि वाटेतला प्रत्येक तुकडा लिहायचा. हे केलं की सरळ बाजू सुटत नाही. क्षेत्रफळाला मात्र काही मिळवायचं नसतं, अर्धं म्हणजे अर्धंच. या फरकामुळेच मुलं गडबडतात.

कड्याची गणितं, म्हणजे एका वर्तुळाच्या आत दुसरं. आपल्याकडे याला उदाहरणांची वाण नाही. चिऱ्यांचा कठडा घ्या: विहिरीची आतली त्रिज्या ३.५ मीटर, कठडा ३५ सेंमी जाड, वरच्या माथ्याचं क्षेत्रफळ किती? पहिलं काम, ३५ सेंमीचे ०.३५ मीटर करा. हे सुटलं तर पुढचं सगळं वाया. बाहेरची त्रिज्या ३.८५. मोठं वर्तुळ वजा लहान: २२/७ × (१४.८२२५ − १२.२५) = २२/७ × २.५७२५ = ८.०८५ चौ.मी. हमखास चूक म्हणजे आधी त्रिज्या वजा करून ०.३५ चा वर्ग करणं. त्याने ०.३८५ येतं, म्हणजे एका मोठ्या परातीएवढ्या जागेत सगळा कठडा बसवला. वर्गांची वजाबाकी आणि वजाबाकीचा वर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेब सोपा करायचा तर वर्गांची वजाबाकी बेरीज गुणिले फरक अशी मांडा: (३.८५ + ३.५) × (३.८५ − ३.५) = ७.३५ × ०.३५. दशांश चिन्हांची मारामारी निम्मी होते.

याचा पडताळा सुरेख आहे. कड्याच्या मधोमध जाणाऱ्या वर्तुळाचा परीघ काढा आणि रुंदीने गुणा. मधली त्रिज्या ३.६७५, परीघ २३.१, गुणिले ०.३५, पुन्हा ८.०८५. हे अंदाजे जुळलेलं नाही, तंतोतंत जुळतं, नेहमीच. कडं कापून सरळ केलं तर असाच पट्टा मिळतो म्हणून.

माडाचं आळंही कडंच. उभ्या झाडाचा व्यास मोजता येत नाही, टेप गुंडाळून घेर मोजावा लागतो. घेर ८८ सेंमी असेल तर व्यास २८, त्रिज्या १४ सेंमी. आता '१.८ मीटरचं आळं' म्हणजे काय, हे वाचून ठरवावं लागतं. झाडाच्या मध्यापासून १.८ मीटर असेल तर बाहेरची त्रिज्या १.८, आणि बुंधा वगळून माती २२/७ × (३.२४ − ०.०१९६), सुमारे १०.१२ चौ.मी. बुंध्याच्या कडेपासून १.८ मीटर रुंद असेल तर बाहेरची त्रिज्या १.९४ आणि माती सुमारे ११.७७ चौ.मी. दीड चौरस मीटरहून जास्त फरक, आणि तो एका शब्दावरून. प्रश्नात 'भोवती इतक्या रुंदीचा रस्ता' आलं की ती रुंदी आतल्या वर्तुळाच्या कडेपासून असते, केंद्रापासून नव्हे.

चाकाची गणितं लवकर उरकतात. एका फेऱ्यात चाक परिघाएवढं पुढे जातं. त्रिज्या ३५ सेंमी, परीघ २२० सेंमी, ११ किलोमीटरला ५००० फेरे. अडतं ते किलोमीटरचे सेंमी करताना. त्यापेक्षा २२० सेंमीचे २.२ मीटर करा आणि ११,००० मीटरला त्याने भागा. शून्यं कमी, चुका कमी.

धावण्याच्या ट्रॅकबद्दल जरा रेंगाळतो, कारण खेळाची आवड असलेल्या मुलीला ते पटकन कळेल. ४०० मीटरच्या शर्यतीत दुसऱ्या लेनच्या धावपटूला पुढे का उभं करतात? वळणं दोन, मिळून एक पूर्ण वर्तुळ. लेन बाहेर गेली की त्रिज्या वाढते आणि परीघ २ × पाय × (त्रिज्येतली वाढ) एवढा वाढतो. मूळ त्रिज्या किती होती याचा त्यात संबंधच येत नाही. लेनची रुंदी १.२२ मीटर, म्हणून ७.६७ मीटर यायला हवेत. प्रत्यक्षात दुसऱ्या लेनला ७.०४ मीटर देतात. कारण पहिली लेन आतल्या उंच कडेपासून ३० सेंमीवर मोजतात आणि बाकीच्या आतल्या पट्टीपासून २० सेंमीवर, म्हणजे त्रिज्येतला खरा फरक १.१२ मीटर. २ × ३.१४१६ × १.१२ करून बघायला सांगा.

पाकळी आणि खंड. पाकळीत एकच विचार: ३६० पैकी किती अंश? ६० अंश असेल तर सहावा हिस्सा, ९० असेल तर चौथा. क्षेत्रफळाचाही तोच हिस्सा, कंसाच्या (पाकळीच्या गोल काठाच्या) लांबीचाही तोच. १४ सेंमीचा मिनिटकाटा पाच मिनिटांत बारावा हिस्सा फिरतो. त्याने झाकलेली जागा ६१६ भागिले १२, म्हणजे ५१.३३ चौ.सेंमी. त्याचं टोक चाललं ८८ भागिले १२, म्हणजे ७.३३ सेंमी. 'झाकलेली जागा' आणि 'टोकाने कापलेलं अंतर', पुन्हा रंग आणि दोरी.

गाईचं गणित नेहमीचं. शेताच्या आतल्या कोपऱ्यात सात मीटर दाव्याने बांधली तर चतकोर वर्तुळ, ३८.५ चौ.मी. घराच्या बाहेरच्या कोपऱ्याला बांधली तर पाऊण वर्तुळ, ११५.५. पण त्या कोपऱ्याच्या दोन भिंती ५ आणि ९ मीटरच्या असतील तर? दावं पाच मीटरच्या भिंतीच्या टोकाला अडून वळेल आणि पलीकडे आणखी दोन मीटर त्रिज्येचं चतकोर वर्तुळ मिळेल: २२/७ × ४ ÷ ४ = ३.१४. एकूण ११८.६४. दाव्याची लांबी भिंतीपेक्षा जास्त आहे का, हे आधी बघायचं. खरी दोरी आणि काड्यापेटी घेऊन टेबलावर एकदा करून दाखवा. नुसत्या बोलण्यातून हे डोक्यात उतरत नाही.

खंडासाठी पाकळीतून त्रिकोण वजा. त्रिज्या १४, कोन ९० अंश: पाकळी १५४, त्रिकोण १/२ × १४ × १४ = ९८, खंड ५६ चौ.सेंमी. कोन ६० असेल तर त्रिकोण समभुज होतो, म्हणून त्याचं क्षेत्रफळ √३/४ × त्रिज्येचा वर्ग. गंमत म्हणजे १२० अंशाच्या त्रिकोणाचंही क्षेत्रफळ तेवढंच निघतं, फक्त तो पसरट असतो. ज्यांना हे माहीत नाही ते १२० ला लंब टाकून दहा ओळी लिहितात. त्या ओळी चुकीच्या नाहीत, वेळ खातात. फुटबॉलच्या मैदानावर पेनल्टी क्षेत्राबाहेर जो 'डी' काढलेला असतो तो हुबेहूब वर्तुळखंड आहे. केंद्र पेनल्टीच्या ठिपक्यावर, त्रिज्या ९.१५ मीटर, आणि जीवा म्हणजे पेनल्टी क्षेत्राची रेघ, ठिपक्यापासून ५.५ मीटरवर. पुढच्या सामन्याला तिला तो दाखवा.

राहिला तिने सोडून दिलेला रंगवलेला भाग. त्यात नवीन सूत्र एकही नाही, फक्त हिशेब ठेवायचा असतो. प्रत्येक तुकड्याला पेन्सिलीने क, ख, ग अशी नावं द्या. मग लिहा: चौरस = क + ख, चार पाकळ्या = ख, म्हणून क = चौरस − पाकळ्या. १४ सेंमी बाजूच्या चौरसाच्या चारही कोपऱ्यांत ७ सेंमी त्रिज्येची चतकोर वर्तुळं असतील तर ती मिळून एक पूर्ण वर्तुळ, १५४. मधला भाग १९६ − १५४ = ४२ चौ.सेंमी.

अवघड वाटतं ते रांगोळीतलं चार पाकळ्यांचं फूल: त्याच चौरसाच्या प्रत्येक बाजूवर आतल्या अंगाने अर्धवर्तुळ काढलंय आणि जिथे दोन अर्धवर्तुळं एकमेकांवर येतात ती फुलाची पाकळी (वर्तुळपाकळी नव्हे) रंगवली आहे. पाकळीचं क्षेत्रफळ सरळ काढायला गेलं तर खंडांची जोडी करत बसावं लागतं. त्याऐवजी असं बघा. चार अर्धवर्तुळांचे कागद कापले आणि चौरसावर ठेवले तर चौरसाचा कोपरान् कोपरा झाकला जातो, आणि पाकळ्यांवर कागद दोन थर होतो. म्हणजे चार अर्धवर्तुळं = चौरस + फूल. एक अर्धवर्तुळ ७७, चार मिळून ३०८. फूल = ३०८ − १९६ = ११२ चौ.सेंमी. उरलेली पांढरी जागा ८४. हे तिला खरंच पतंगाच्या कागदाने करायला लावा. दोन थरांचा गडद रंग स्वतःच फूल दाखवतो.

उत्तर लिहिलं की पडताळा. क्षेत्रफळासाठी पाय तीन धरा, त्रिज्येच्या वर्गाची तिप्पट करा, आणि खरं उत्तर त्याहून थोडं जास्त, पाच टक्क्यांच्या आत आहे का बघा. यात त्रिज्याच चुकली असेल तर मात्र चूक दिसणार नाही. परीघ दिला असेल तर आणखी पक्कं तपासता येतं: तेवढ्याच काठाचा चौरस घ्या. २२ मीटर काठाच्या चौरसाची बाजू ५.५, क्षेत्रफळ ३०.२५. तेवढ्याच काठात वर्तुळ चौरसापेक्षा सव्वापटीहून थोडी जास्त जागा घेतं, म्हणून ३८ च्या जवळपास यायला हवं. ३८० आलं की पेन खाली ठेवायचं आणि 'त्रिज्या =' च्या ओळीकडे परत जायचं.

सरावाला रोज दहा गणितं द्या, पण सोडवायला नको. प्रत्येकापुढे फक्त तीन गोष्टी लिहायच्या: दोरी की रंग, त्रिज्या किती, उत्तराचं एकक काय. वीस मिनिटांचं काम. आठवड्यानंतर त्यातली दोनच पूर्ण सोडवून घ्या. त्रिज्येची ओळ न अडखळता येत असेल तर बाकीची सोडवायची गरज नाही, आणि अडखळत असेल तर वर सांगितलेली तीन रूपांची चाचणी पुन्हा घेऊन कोणत्या रूपात अडली ते मला कळवा.